तरंगांची दोन कुळे

वैशाख सरत येतो. दुपारभर रान तापते आणि सायंकाळी क्षितिजावर काळे ढग जमू लागतात. वळवाचा पाऊस जवळ आला, हे गुरेवासरेही ओळखतात. इतक्यात दूर कोठेतरी वीज लखकन चमकते. सारा आसमंत क्षणभर उजळतो व पुन्हा काळवंडतो. मग काही काळ शांततेत जातो आणि त्यानंतर ढगांचा गडगडाट कानी येतो. चमकणे आणि गडगडणे या वास्तविक दोन निरनिराळ्या घटना नव्हेत. वीज जेथे पडते तेथे प्रकाश व आवाज एकाच क्षणी जन्मास येतात. एकाच घरातून, एकाच वेळी, एकच वार्ता घेऊन दोन दूत निघावेत. त्यांपैकी एकाने डोळ्याचे पाते लवते न लवते तोच दारी येऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने रेंगाळत मागाहून यावे, तसाच हा प्रकार आहे.

या दोन दूतांच्या वेगांत एवढी तफावत का असावी? प्रकाश आणि आवाज हे दोन्ही तरंगच आहेत. परंतु त्यांची कुळे भिन्न आहेत. आवाज हा यांत्रिक तरंगांच्या कुळातील, तर प्रकाश विद्युत्-चुंबकीय तरंगांच्या कुळातील. हा भेद केवळ परीक्षेपुरता पाठ करावयाचा नाही. त्याचे ज्ञान वेळेवर उपयोगी पडले तेव्हा माणसांचे प्राण वाचले आहेत, आणि ते उपयोगात आणण्याची सोय नव्हती तेव्हा लाखो माणसे प्राणांस मुकली आहेत. म्हणून तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम तरंग म्हणजे काय ते पाहू. विहिरीच्या संथ पाण्यात खडा टाकला की त्याभोवती वर्तुळे उमटतात आणि मोठी मोठी होत काठापर्यंत जातात. जणू मध्यभागचे पाणीच काठाकडे धावत आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु पाण्यावर एखादे वाळलेले पान तरंगत असेल, तर त्याच्याकडे लक्ष द्यावे. वर्तुळे पानाखालून निघून जातात. पान मात्र किंचित वर-खाली, थोडेसे मागे-पुढे हलते आणि जवळजवळ आपल्या जागीच राहते. यावरून उघड होते की, पाणी काठाकडे जात नाही. जाते ते पाण्याचे हेलकावणे. पदार्थ जागच्या जागी राहतो आणि त्यातील हालचाल, म्हणजेच ऊर्जा, पुढे सरकते. अशा रीतीने पुढे सरकणाऱ्या हेलकाव्याला तरंग म्हणतात.

दोर घेऊन हीच गोष्ट पाहता येते. दोराचे एक टोक खुंटीला बांधून दुसऱ्या टोकाला हाताने झटका दिला, तर दोरावर एक उंचवटा निर्माण होतो व तो धावत खुंटीपर्यंत पोहोचतो. येथे दोर वर-खाली हलतो आणि तरंग आडवा पुढे जातो. याहून निराळा प्रकार आगगाडीच्या स्थानकावर दिसतो. उभ्या असलेल्या मालगाडीला इंजिन येऊन टेकले की पहिला डबा दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला, आणि खडखडाट करीत तो धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो. प्रत्येक डबा अगदी थोडासा हलतो. धक्का मात्र सारी गाडी ओलांडतो. येथे डब्यांचे हलणे आणि धक्क्याचे जाणे एकाच रेषेत असते.

आवाज हा या दुसऱ्या प्रकारचा तरंग आहे. देवळातील घंटेवर टोल पडला की घंटेचा धातू थरथरू लागतो. तो लगतच्या हवेला दाबतो, ती हवा पुढच्या हवेला दाबते, आणि दाट व विरळ झालेल्या हवेची ही साखळी ऐकणाऱ्याच्या कानाच्या पडद्यापर्यंत येऊन पोहोचते. देवळातील हवा कानापर्यंत येत नाही. येतो तो तिचा धक्का. पाण्यावरील लाट, दोरावरील उंचवटा, हवेतील आवाज आणि भूकंपाच्या वेळी जमिनीतून धावणारे हादरे ही सारी एकाच कुळातील भावंडे आहेत. त्यांना यांत्रिक तरंग म्हणतात. त्यांचे मुख्य लक्षण असे की, त्यांना प्रवासासाठी कोणते ना कोणते माध्यम लागते. हवा, पाणी, लाकूड, लोखंड, खडक, काहीही चालेल. परंतु एका कणाने दुसऱ्या कणाला धक्का द्यावा अशी काही तरी वस्तू तेथे असलीच पाहिजे.

म्हणूनच यांत्रिक तरंगाचा वेग माध्यमावर अवलंबून असतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत आवाज एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो. पाण्यात तोच वेग सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर होतो आणि पोलादात पाच हजार मीटरांच्याही पुढे जातो. पोलादाचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे एकाचा धक्का दुसऱ्याला तत्काळ लागतो. हवेचे कण विखुरलेले असतात, त्यामुळे तेथे धक्का पोहोचण्यास विलंब लागतो.

मग माध्यमच काढून घेतले तर काय होईल? हा प्रश्न रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञापुढे होता. १६६० च्या सुमारास त्याच्या हाती एक नवे साधन आले. काचेच्या भांड्यातील हवा उपसून काढणारा तो पंप होता. त्याने भांड्यात एक घड्याळ दोऱ्याने टांगले. प्रथम त्याची टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. पंप चालू झाला, हवा विरळ होत गेली, तशी टिकटिक क्षीण क्षीण होत अखेर ऐकू येईनाशी झाली. हवा पुन्हा आत सोडताच टिकटिक परत आली. आवाजाला हवा लागते, हे या प्रयोगाने निर्विवाद दिसून आले.

परंतु या प्रयोगात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती सहज नजरेतून निसटते. टिकटिक थांबली तेव्हाही घड्याळ पूर्वीसारखेच स्वच्छ दिसत होते! आवाजाला जी वाट बंद झाली, ती प्रकाशाला खुलीच राहिली. हेच दृश्य आकाशात फार मोठ्या प्रमाणावर नित्य दिसते. सूर्य आणि पृथ्वी यांमध्ये सुमारे पंधरा कोटी किलोमीटरांचे अंतर आहे आणि त्यात बहुतेक सर्व ठिकाणी निर्वात पोकळी आहे. सूर्यावर अहोरात्र प्रचंड उलथापालथ चालते, परंतु तिचा लवलेशही आवाज पृथ्वीवर ऐकू येत नाही. सूर्याचा प्रकाश मात्र ती पोकळी ओलांडून सुमारे ८ मिनिटे २० सेकंदांत अंगणात येऊन पडतो.

येथे एक कूट प्रश्न उभा राहतो. पाण्याच्या लाटेत पाणी हलते, आवाजात हवा हलते. मग पोकळीतून येणाऱ्या प्रकाशात हलते तरी काय?

याचे उत्तर समजण्यासाठी दोन साधे प्रयोग उपयोगी पडतात. कोरड्या केसांतून कंगवा दहा-वीस वेळा फिरवून तो कागदाच्या बारीक कपट्यांजवळ नेला, तर कपटे उडी मारून त्याला चिकटतात. कंगवा कपट्यांना शिवण्यापूर्वीच ते हलतात. त्याचप्रमाणे कागदावर टाचणी ठेवून खालून लोहचुंबक फिरविला, तर टाचणी त्याच्यामागे फिरते. कंगव्याभोवती आणि चुंबकाभोवती डोळ्यांना न दिसणारा असा एक प्रभाव पसरलेला असतो. पहिल्याला विद्युत्-क्षेत्र आणि दुसऱ्याला चुंबकीय क्षेत्र म्हणतात. क्षेत्र म्हणजे हवा किंवा पाणी यांसारखा पदार्थ नव्हे. ते पोकळीतही असू शकते.

जेम्स क्लार्क मॅक्सवेल या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या दोन क्षेत्रांचे नाते गणिताने मांडले. विद्युत्-क्षेत्र बदलू लागले की त्यातून चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, आणि चुंबकीय क्षेत्र बदलू लागले की त्यातून विद्युत्-क्षेत्र उत्पन्न होते. पहिले दुसऱ्याला जन्म देते, दुसरे पुन्हा पहिल्याला. आणि अशा रीतीने ही जोडी कोणत्याही पदार्थाचा आधार न घेता पुढे पुढे जात राहते. या तरंगाचा वेग किती असेल, तेही मॅक्सवेलने गणिताने काढले. उत्तर आले ते प्रकाशाच्या ज्ञात वेगाशी जुळणारे! तेव्हा प्रकाश हाच एक विद्युत्-चुंबकीय तरंग असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला.

गणित कागदावर होते. प्रत्यक्ष प्रमाण हवे होते. ते जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ याने १८८७ व १८८८ या वर्षांत मिळविले. त्याने एका उपकरणात विजेची ठिणगी पाडली. त्या उपकरणाशी तारेने न जोडलेले तारेचे एक कडे काही अंतरावर होते. त्या कड्याच्या फटीतही बारीकशी ठिणगी चमकली. मधल्या जागेतून अदृश्य विद्युत्-चुंबकीय तरंग गेला होता. पुढे १८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात एक प्रयोग लोकांसमक्ष करून दाखविला. काही मिलिमीटर लांबीचे असे तरंग त्यांनी भिंतीपलीकडे पाठविले आणि त्यांच्या साहाय्याने दूरवरची घंटा वाजविली व बंदुकीच्या दारूचा स्फोट घडविला. तारेवाचून संदेश धाडता येईल, ही आशा अशा प्रयोगांनी दृढ झाली.

तरीही त्या काळच्या पुष्कळ शास्त्रज्ञांच्या मनाला एक गोष्ट पटत नव्हती. माध्यमावाचून तरंग कसा जाईल? साऱ्या विश्वात 'ईथर' नावाचे एक अतिसूक्ष्म द्रव्य भरलेले असावे आणि प्रकाश त्यातून जात असावा, अशी त्यांनी कल्पना केली. १८८७ साली अमेरिकेत मायकेलसन व मॉर्ले यांनी या ईथरचा माग काढण्यासाठी अत्यंत नाजूक मोजमाप केले. पृथ्वी ईथरमधून धावत असेल, तर प्रकाशाच्या वेगात दिशेनुसार फरक पडला पाहिजे, असा त्यांचा विचार होता. तसा फरक काही आढळला नाही. पुढे १९०५ साली आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी ईथरची गरजच नाही, असे दाखवून दिले. प्रिय वाटणारी कल्पनादेखील प्रयोगापुढे टिकली नाही तर सोडून द्यावी लागते, हा शास्त्राचा नियम येथे दिसून येतो.

विद्युत्-चुंबकीय तरंगांचे कूळ फार मोठे आहे. आकाशवाणीचे रेडिओतरंग, भ्रमणध्वनीचे तरंग, निखाऱ्याची धग आणणारे अवरक्त किरण, डोळ्यांना दिसणारा प्रकाश, त्याच्या पलीकडचे अतिनील किरण, मोडलेल्या हाडाचे चित्र काढणारे क्ष-किरण आणि गॅमा किरण हे सारे सख्खे भाऊ आहेत. त्यांच्यात फरक आहे तो तरंगाच्या लांबीचा. काही रेडिओतरंग शेकडो मीटर लांब असतात, तर एका मिलिमीटरचे दोन हजार भाग केले असता एक भाग जेवढा होईल, साधारण तेवढीच हिरव्या प्रकाशाच्या तरंगाची लांबी असते. परंतु पोकळीत या सर्वांचा वेग एकच असतो. तो सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटर, म्हणजे सुमारे तीन लाख किलोमीटर आहे. पदार्थात शिरले की हे तरंग मंदावतात. पाण्यात प्रकाशाचा वेग सुमारे सव्वादोन लाख आणि काचेत सुमारे दोन लाख किलोमीटर होतो. आवाजाची तऱ्हा याच्या नेमकी उलट आहे. तो पोकळीत मुळीच जात नाही आणि हवेपेक्षा पाण्यात व पोलादात अधिक वेगाने धावतो.

रेडिओतरंग म्हणजे आवाज, असा एक गैरसमज सर्वत्र आढळतो. तो दूर केला पाहिजे. १९६९ च्या जुलै महिन्यात नील आर्मस्ट्राँग व बझ ऑल्ड्रिन हे अंतराळवीर चंद्रावर उतरले. तेथे हवा नाही. दोघे हातभर अंतरावर उभे राहून कितीही मोठ्याने ओरडले असते, तरी एकाचा शब्द हवेवाटे दुसऱ्यास ऐकू गेला नसता. शिरस्त्राणात हवा होती. तीतून शब्द यंत्रापर्यंत जाई, यंत्र त्याचे रेडिओतरंगात रूपांतर करी, तो तरंग पोकळी ओलांडून दुसऱ्याच्या यंत्रात शिरे आणि तेथे त्याचा पुन्हा आवाज होई. तोच तरंग पृथ्वीपर्यंतचे सुमारे ३,८४,००० किलोमीटरांचे अंतरही सव्वा सेकंदाच्या आसपास तोडीत असे. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद व त्याच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. ही प्रचंड रेडिओ दुर्बीण दूरच्या तारकाविश्वांतून येणारे रेडिओतरंग टिपते. तीही आवाज ऐकत नाही. एका अर्थी ती न दिसणारा प्रकाशच पाहते.

दोन कुळांच्या वेगांतील तफावत किती मोठी आहे, हे एका उदाहरणाने ध्यानी येईल. मुंबईतील एका सभागृहात गायन चालले आहे आणि ते आकाशवाणीवरून प्रक्षेपित होत आहे, असे समजू. सभागृहात गायकापासून ३४ मीटरांवर बसलेल्या श्रोत्यापर्यंत स्वर पोहोचण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो. रेडिओतरंग मुंबईहून सुमारे ७०० किलोमीटरांवरील नागपुरास सेकंदाच्या चारशेव्या भागाहूनही कमी वेळात जातो. मधल्या यंत्रांनी विलंब केला नाही, तर सभागृहातील शेवटच्या रांगेच्या आधी नागपुरातील श्रोता तो स्वर ऐकेल!

विजेचेही तसेच. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि त्यास तीनने भागावे. वीज सुमारे किती किलोमीटरांवर पडली ते कळते. परंतु हे गणित उघड्या रानात उभे राहून करू नये. गडगडाट ऐकू आला, याचाच अर्थ वीज धोक्याच्या टापूत आली आहे. अशा वेळी झाडाखाली न थांबता पक्क्या घराचा आसरा घ्यावा. पहिल्या दूताने आधी आणलेली वार्ता ऐकून माणसाने सावध व्हावे, हेच त्याच्या वेगाचे सार्थक आहे.

ही वार्ता न पोहोचल्याने केवढा अनर्थ होतो, हे २६ डिसेंबर २००४ या दिवशी साऱ्या जगाने पाहिले. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी सहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी अतितीव्र भूकंप झाला. तेथून चेन्नईचा किनारा सुमारे दोन हजार किलोमीटर दूर आहे. त्या स्थळाहून तीन दूत निघू शकत होते. रेडिओतरंगाने निघालेला संदेश हे अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत काटू शकला असता. खडकांतून धावणारा भूकंपाचा पहिला हादरा चार-पाच मिनिटांत येऊन पोहोचला. आणि तिसरा दूत होता तो समुद्राच्या पाण्यावरील लाट, जिला त्सुनामी म्हणतात. भर समुद्रात तिचा वेग ताशी सातशे किलोमीटरांच्या घरात होता. तरीही भारताच्या पूर्व किनाऱ्यावर येण्यास तिला सुमारे दोन तास लागले. खोल समुद्रात अशा लाटेची उंची फारशी जाणवत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झाले की ती मंदावते आणि मागचे पाणी पुढच्यावर चढून भिंतीसारखी उभी राहते.

दोन तास हा काही थोडा वेळ नव्हे. तेवढ्या अवधीत किनाऱ्यावरील माणूस चालत दूर जाऊ शकला असता. परंतु पॅसिफिक महासागरासाठी १९४९ सालापासून जशी इशारा देण्याची व्यवस्था होती, तशी हिंदी महासागरासाठी त्या वेळी नव्हती. सर्वांत वेगवान दूत हाताशी असूनही त्याला वार्ता देऊन कोणी धाडले नाही. निरनिराळ्या देशांत मिळून सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. एकट्या भारतात मृतांची संख्या दहा हजारांहून अधिक होती.

त्याच सकाळी पुदुच्चेरीजवळच्या नल्लवाडू या कोळ्यांच्या गावी मात्र निराळे घडले. गावचा एक तरुण सिंगापुरात राहत होता. त्याला या आपत्तीची वार्ता कळली आणि त्याने तत्काळ घरी दूरध्वनी केला. गावात एका संशोधन संस्थेच्या साहाय्याने चालणारे माहिती केंद्र होते. हवामानाची व समुद्राची माहिती कोळ्यांना सांगण्यासाठी तेथे ध्वनिवर्धक बसविलेला होता. गावकऱ्यांनी त्याच ध्वनिवर्धकावरून सर्वांना किनारा सोडण्याची हाक दिली. लाट आली, तिने घरे आणि होड्या उद्ध्वस्त केल्या. परंतु माणसे वाचली. या घटनेत दोन्ही कुळांचे तरंग एकमेकांच्या साहाय्याला आले होते. समुद्रापलीकडून संदेश आणला तो विद्युत्-चुंबकीय तरंगाने, आणि घरोघरी नेला तो आवाजाने.

या आपत्तीनंतर ऑक्टोबर २००७ मध्ये हैदराबाद येथे त्सुनामीचा इशारा देणारे भारतीय केंद्र सुरू झाले. त्याची कार्यपद्धती मोठी मनोवेधक आहे. भर समुद्रात, हजारो मीटर खोल तळाशी एक दाबमापक ठेवलेला असतो. वरून त्सुनामीची लाट जाताना पाण्याचा दाब किंचित बदलतो आणि तो बदल या यंत्राच्या ध्यानात येतो. आता ही वार्ता पृष्ठभागावर कशी पाठवावी? रेडिओतरंग एवढे वेगवान. परंतु खारे पाणी वीजवाहक असल्याने ते त्यांना अल्प अंतरातच शोषून टाकते. म्हणून तेथे आवाजाची योजना केलेली असते. तळाचे यंत्र ध्वनिसंदेश सोडते. तो काही सेकंदांत वर तरंगणाऱ्या तराफ्यास पोहोचतो. तराफा त्याचे रेडिओतरंगात रूपांतर करून तो उपग्रहाकडे धाडतो, आणि उपग्रहावरून तो किनाऱ्यावरील केंद्रात येतो. पोकळीत जो लुळा, तो पाण्यात समर्थ ठरतो. आणि पोकळीत जो अजिंक्य, तो खाऱ्या पाण्यात हतबल होतो. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, असा वाद घालण्यात म्हणूनच अर्थ नाही.

भूकंपाच्या बाबतीत वेळ तासांत मोजता येत नाही, सेकंदांतच मोजावी लागते. भूकंपाच्या स्थळाहून दोन प्रकारचे हादरे निघतात. पहिला वेगवान असतो, सेकंदाला सहा किलोमीटरांच्या आसपास धावतो आणि सहसा फारसे नुकसान करीत नाही. दुसरा सेकंदाला सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने येतो व जमीन आडवीतिडवी हलवून घरे पाडतो. जपानमध्ये पहिला हादरा जवळच्या यंत्रांना जाणवताच आपोआप संदेश सुटतात. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात असे संदेश सुटले आणि वेगाने धावणाऱ्या आगगाड्यांना आपोआप गतिरोध लागले. प्रवाशांनी भरलेली एकही अतिवेगवान गाडी रुळांवरून घसरली नाही. ज्याला ही वार्ता मिळाली, त्याला काही सेकंदच लाभले. परंतु मेजाखाली शिरण्यास किंवा चुलीवरचा विस्तव बंद करण्यास तेवढे पुरतात.

या युक्तीलाही मर्यादा आहेत. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि भोवतालच्या गावांत दगडमातीची जड घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. ती गावे भूकंपाच्या उगमाच्या अगदी माथ्यावर होती. तेथे दोन्ही हादरे जवळजवळ एकदमच पोहोचतात. शर्यत लावण्यासाठी काही तरी अंतर लागते. अंतरच नसेल, तर वेगवान दूतालाही पुढे जाण्यास वाव मिळत नाही. अशा ठिकाणी माणसाला तारील ते भक्कम बांधलेले घरच.

आता दोन्ही कुळांतील भेद थोडक्यात असा सांगता येईल. यांत्रिक तरंगात पदार्थाचे कण हलतात. विद्युत्-चुंबकीय तरंगात विद्युत् व चुंबकीय क्षेत्रे बदलतात. पहिल्याला माध्यम आवश्यक असते. दुसऱ्याला ते लागत नाही. यांत्रिक तरंगात कणांचे हलणे तरंगाच्या दिशेने किंवा तिला आडवे, कसेही असू शकते; विद्युत्-चुंबकीय तरंगात पोकळीतून जाताना क्षेत्रांचे बदलणे नेहमी तरंगाच्या दिशेला आडवेच असते. पहिल्याचा वेग सेकंदाला फार तर काही हजार मीटर, तर दुसऱ्याचा पोकळीत सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असतो. साम्य एवढेच की, दोन्ही तरंग पदार्थ वाहून न नेता ऊर्जा वाहून नेतात, आणि त्या ऊर्जेबरोबर वार्ताही नेतात.

संकटाची लाट थोपविणे माणसाच्या हाती नाही. परंतु त्या लाटेहून लक्षावधी पटींनी वेगवान असा दूत निसर्गानेच त्याला दिला आहे. त्या दूताला वेळेवर रवाना करणे आणि त्याने आणलेली वार्ता ऐकताच शेजाऱ्याला हाक मारणे, एवढे मात्र सर्वस्वी माणसाच्याच हाती आहे.